१९५८ सालचं माजघर पुन्हा उभं करायचंय, कुठून सुरुवात करू?

ओटीवरची · १८ जानेवारी

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि थोडी घाईची आहे.

आईला येत्या वैशाखात ८० पूर्ण होतील. तिचं माहेर देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या रस्त्यावरून आत वळलं की कातळाच्या उतारावर. चिऱ्याचं घर, वर मंगलोरी कौलं, पुढे खळं म्हणजे अंगण. १९६५ मध्ये लग्न होऊन ती लालबागला आली आणि तिथेच राहिली. आता माझ्याकडे डोंबिवलीला असते. मामा गेल्यापासून घर बंदच आहे. मामेभाऊ आंब्याच्या दिवसांत येतो, तेवढंच उघडतं.

गेल्या वर्षभरात असं झालंय की संध्याकाळी दिवे लागले की आई पिशवी घेऊन दाराशी उभी राहते. म्हणते, "चला, घराक जावया." पहिल्यांदा वाटलं लालबागचं घर म्हणतेय. तिकडे घेऊन गेले तर तिथेही तेच. मग लक्षात आलं, ती माहेरच्या घराबद्दल बोलतेय.

मामेभावाने ओटी आणि माजघर या दोन खोल्या माझ्या हाती दिल्यात. म्हणाला, "ताई, तुला हवं ते कर, फक्त कौलांना हात लावू नको." मला ते घर तिच्या बाराव्या वर्षी होतं तसं, म्हणजे १९५८ च्या आसपासचं करायचंय. आई तिथे वैशाख-ज्येष्ठ राहील, पाऊस धरला की परत आणेन.

आतापर्यंत घेतलेलं सामान: मुंबईच्या चोरबाजारातून काळे गोल बेकेलाइटचे चौदा स्विच, कापडी वेष्टनाची वायर, व्हॉल्व्हचा लाकडी पेटीतला रेडिओ, लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ, निमुळत्या पायांच्या दोन खुर्च्या. नक्षीच्या सिमेंट टाइल्सचाही भाव काढलाय, पण अजून मागवलेल्या नाहीत. सगळं मिळून दोन लाखांत बसवायचं आहे.

अडचणी अशा. भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर गुलाबी ऑइलपेंट. कमरेइतक्या उंचीपर्यंत तो फुगलाय, हात लावला की पापुद्रे निघतात. जमिनीला १९९४ मध्ये मामाने पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स घातल्या. आणि रेडिओ मी अजून लावलेलाच नाही, भीती वाटते. यात काय चुकतंय, काय राहिलंय, मोकळेपणाने सांगा.

चिरेबंदी · १८ जानेवारी

ताई, मी मालवणचा. जुन्या घरांची डागडुजी हेच माझं काम. आधी भिंतीचं बोलू, कारण तिला वेळ लागतो आणि तुमच्याकडे तीनच महिने आहेत.

जांभा, म्हणजे तुमच्या चिऱ्याचा दगड, पाणी पितो. पावसाळ्यात ओल जोत्यातून वर चढते आणि मग ती भिंतीतूनच वाळायला हवी. चुन्याचा गिलावा तिला बाहेर जाऊ देतो. सिमेंट आणि ऑइलपेंट दोन्ही तिला कोंडून ठेवतात, म्हणून तुमची भिंत फुगलीय. तिच्यावर पुट्टी मारायला कुणी सांगेल, ऐकू नका. पुढच्या श्रावणात परत तेच.

जिथवर फुगलंय त्याच्याही वर फूटभर गिलावा टाकी-हातोडीने उतरवा. चिरा उघडा पडला की महिनाभर दारं-खिडक्या सताड उघडी ठेवा. माघ-फाल्गुनाची कोरडी हवा तुमचं अर्धं काम करेल. मग चुना एक भाग आणि धुतलेली नदीची वाळू तीन भाग असा गिलावा. समुद्राची वाळू चुकूनही नको, तिच्यातलं मीठ भिंतीला खातं. जुने गवंडी चुन्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचे, मी अजून घालतो. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करायचे. तो पांढरेपणा वेगळाच असतो, पण आता पिशवीतल्या चुन्यावर भागवावं लागतं.

वरचा रंगही चुन्याचाच, दुधाइतका पातळ, तीन हात. प्रत्येक हाताआधी भिंत ओली करायची आणि मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा. घाईने एकच जाड हात दिला तर चुना पाठीला लागत राहतो. शेवटच्या हातात चिमूटभर नीळ. चुना भिजवताना डोळे सांभाळा, तो उकळतो आणि उडतो.

आता जमीन. सिमेंटच्या नक्षी टाइल्स सुंदर असतात, मला फार आवडतात. मुंबईत भारत टाइल्स १९२२ पासून त्या करतेय. पण त्या शहरातल्या जिन्यांना आणि बंदरातल्या व्यापाऱ्यांच्या ओटीला शोभायच्या. आतल्या वाडीतल्या माजघराला सारवलेली जमीन असायची. पांढऱ्या टाइल्सवर शेण धरणार नाही, त्या काढाव्याच लागतील. खाली माती भरून, पाणी मारून चोपण्याने चोपायची. अर्धवट सुकत आली की परत चोपायची, म्हणजे भेगा मिटतात. मग गुळगुळीत दगडाने घासून वर सारवण. काळी जमीन हवी तर शेणात करवंटीच्या कोळशाची पूड. दर चार-आठ दिवसांनी सारवणारं माणूस मिळणार असेल तरच या वाटेला जा. नाहीतर तांबडा कोबा करा. पण आईंच्या तळपायाला फरक कळेल, हे माझं स्पष्ट मत.

मध्यमलहरी · १९ जानेवारी

ओटीवरची ताई, रेडिओ अजून लावला नाहीत हे उत्तम केलंत. रत्नागिरीत माझं चौतीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून हक्काने सांगतो.

आधी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. नावं 'यू'ने सुरू होत असतील (यूसीएच, यूएल, यूवाय), तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, आतला पत्र्याचा सांगाडा थेट विजेला जोडलेला असतो. अशा सेटची बटणं पडलेली असतील आणि आतल्या लोखंडी दांड्याला बोट लागलं तर २३० व्होल्टचा झटका बसेल. घरात ८० वर्षांचं माणूस असताना तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (तो सेटला थेट मेन्सपासून वेगळा ठेवतो) लावायचाच नाही. नावं 'ई'ने सुरू होत असतील तर बहुतेक ट्रान्सफॉर्मरचा सेट, तो त्यामानाने बरा.

दोन्ही प्रकारांत कागदी कंडेन्सर आता गळके झालेले असणार, ते सगळे बदलून घ्या. पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. तो झळकून मंद झाला तर ठीक, भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. हे घरी करून बघू नका, जुना मेकॅनिक गाठा. कापडी वायर शोभेपुरती भिंतीवर दिसू दे, वीज तिच्यातून नको. आतलं रबर साठ वर्षांत बिस्किटासारखं होतं.

आता एक विचारतो, रागावू नका. १९५८ मध्ये त्या वाडीत वीज होती का?

राज्य वीज मंडळ १९६० चं. कोयनेची पहिली वीज १९६२ ची, आणि तीसुद्धा आधी मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडे गेली. माझ्या गावात खांब आले तेव्हा मी मॅट्रिकला होतो, साल १९७१. त्याआधी गावात एकच रेडिओ होता, दुकानदाराकडे, आणि तो ड्राय बॅटरीवर चालायचा. विटेपेक्षा मोठा ठोकळा, एका बाजूला ९० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला दीड. बॅटरी महाग म्हणून तो बातम्यांपुरताच लागायचा. रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक दरवर्षी पोस्टात नेऊन तिकीट लावून आणायचं.

स्विच, वायर, हा रेडिओ, निमुळत्या पायांच्या खुर्च्या ही सगळी १९६० ची दादर-गिरगावातली खोली झाली. ती खोली खरीच आहे, पण ती आईंची आहे का, एवढं त्यांना विचारून घ्या.

व्हायन · १९ जानेवारी

मध्यमलहरी काकांनी माझ्या मनातलं लिहिलं. मी कणकवलीकडची, वय ७४, आईंपेक्षा थोडी धाकटी.

ओटीवर बसायला खुर्ची नव्हती गो बाय. पुरुषमाणसांना बाकडं, पाहुण्याला घोंगडी, बाकी सगळे जमिनीवर. म्हणून सगळं खाली असायचं. कोनाडे खाली, खुंट्या हाताला येतील अशा, फडताळाचा खालचा कप्पा मुलांचा. तू उभ्या माणसाच्या नजरेने खोली लावशील तर ती चुकेल. एकदा माजघरात मांडी घालून बस आणि काय दिसतं ते बघ.

माजघरात आमच्याकडे होतं ते सांगते: जमिनीत पुरलेलं व्हायन (कांडायचं दगडी उखळ), त्याच्या शेजारी जातं, भाताची कणगी, मडक्यांची उतरंड, वाशाला टांगलेलं शिंकं, फणसाच्या लाकडाचे पाट. पाट नवे करून घेतलेस तर पिवळेधमक दिसतील, घाबरू नको, वर्षा-दोन वर्षांत तांबूस होतात. वर आडव्या बांबूवर गोधड्या. पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घे, नाहीतर आंबट आमटी कळकेल. स्टीलचं एकही भांडं पुढे दिसू देऊ नको.

भिंतीवर एक देवाचं चित्र आणि एक कॅलेंडर. कॅलेंडर म्हणजे मुंबईच्या दुकानाचं, चाकरमानी आणायचे, त्यावर चित्रकार दलालांचं नाहीतर मुळगांवकरांचं चित्र. साल संपलं तरी चित्रासाठी ठेवायचे. कालनिर्णय लावू नको, ते १९७३ पासूनचं. तिथी बघायला पंचांग, ते खुंटीला दोऱ्याने. आणि आमच्या दुकानात आणे आणि नव्या पैशांचा तक्ता चिकटवलेला होता. १९५७ च्या एप्रिलपासून नये पैसे सुरू झाले ना, चार आण्यांचे पंचवीस हे सोपं, पण एका आण्याचे सहा म्हटलं की माझी आजी भांडायची.

आईला "काय काय होतं?" असं विचारू नको. आठवत नाही म्हणेल आणि खट्टू होईल. "सकाळी उठल्यावर तुला कुठलं काम लागायचं?" असं विचार.

ओटीवरची · २३ जानेवारी

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. व्हायन मावशी, तुमच्या पद्धतीने विचारलं. आई भाजी निवडत होती. हातातली मेथी तशीच ठेवून बोलायला लागली आणि मी मोबाइल चालू करून फक्त ऐकत राहिले.

लाईटचं विचारलं तर म्हणाली, "आमच्या घराक लाईट खंय होती? माझ्या लग्नानंतर इली." मग, न विचारता: "कंदिलाची काच पुसूचा काम माझ्याकडे. माझो हात बारीक, आत जायचो. मोठ्या माणसांचो जाय नाय." चुलीतली राख चिंध्यावर घेऊन पुसायची. पाणी लावलं आणि काच तडकली तर मार. तीन कंदील आणि चुलीकडे एक चिमणी. कातरवेळेच्या आत चारही तयार हवे, आजोबा खळ्यातून वर येईपर्यंत.

संध्याकाळी ती दाराशी का जाते ते मला त्या क्षणी कळलं. तिचं काम राहिलेलं असतं.

घड्याळाचं विचारलं. "घड्याळ कोणाक होता? बोटीचो भोंगो आयकलो की कळायचा." देवगडच्या बंदरात मुंबईची आगबोट लागायची, तिचा भोंगा वारा असेल तर वाडीपर्यंत यायचा. तिचे काका परळच्या गिरणीत. ते बोटीने यायचे, बोटीतून पडावात, पडावातून धक्क्यावर, आणि पुढे डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन चालत. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे काकांचं पत्रच काय ते. ती हिरवी पेटी माजघरात कुठे होती ते तिने हाताने दाखवलं. डोंबिवलीतल्या आमच्या फ्रिजकडे बोट करून.

मग मी बऱ्याच गोष्टी रद्द केल्या. टाइल्स नाहीत, खुर्च्या नाहीत. जमीन मातीची करतेय, सारवायला शेजारच्या वाडीतल्या एक काकू तयार आहेत. गिलावा काल उतरवायला घेतला. पहिला चिरा उघडा पडला तेव्हा गवंड्याने त्याच्यावर हात फिरवून मला दाखवला, आतून ओलाच होता.

आता प्रश्न कंदिलांचा. मामेभावाच्या माळ्यावर दोन मिळाले, एकाची काच गेलीय. रोज संध्याकाळी तीन कंदील पेटवले तर धूर, आगीची भीती. काय करू?

मध्यमलहरी · २४ जानेवारी

एक खरा, तो ओटीवर वाऱ्याला. बाकी दोघांत बॅटरीचे एलईडी. पण बल्ब निवडताना डब्यावरचा आकडा बघा, २७०० केल्विनचा 'वॉर्म' इथे पांढराच वाटेल. १८०० ते २००० केल्विनचे मिळतात, ते ज्योतीच्या जवळ जातात. उजेड १०० ल्युमेनच्या आसपास ठेवा. कंदिलाचा उजेड तेवढाच असतो, त्याच्यापेक्षा जास्त दिला की खोलीचे कोपरे दिसायला लागतात आणि सगळं वाया. आईंना रात्री उठताना मात्र पायाखाली दिसलं पाहिजे. जमिनीलगत एक बारीक दिवा फडताळाआड लपवा, आणि त्या लाईनला अर्थिंग व ईएलसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) घालून घ्या. तिथे जुनेपणा नको.

खऱ्या कंदिलाची वात सरळ कापून कोपरे किंचित उतरवा, म्हणजे ज्योत शिंगं काढत नाही आणि काच काळवंडत नाही. पेटवल्यावर वात आधी खाली ठेवा, काच तापली की वर करा. रॉकेल मिळवायला हल्ली धावपळ आहे, दिव्यांसाठीचं पॅराफिन तेल चालतं. पेट्रोल किंवा थिनर कधीही नाही.

ओटीवरची · ११ मे

खूप दिवसांनी लिहितेय. आम्ही ३० एप्रिलपासून इथेच आहोत.

आईला संध्याकाळी साडेपाचला आणलं, मुद्दामच. खळ्यात उतरली, चप्पल काढली आणि माझा हात न धरता ओटीची पायरी चढली. माजघराच्या उंबऱ्यावर थांबून बराच वेळ बघत राहिली. ती काही बोलेल म्हणून आम्ही सगळे गप्प. मग हिरव्या पेटीकडे गेली. (तशी पेटी कणकवलीच्या भंगारात मिळाली, रंग मी दिला.) "ही हय नाय, थय व्हयी," म्हणाली आणि स्वतःच ओढायला लागली. आम्ही ती पश्चिमेच्या भिंतीला लावली होती. डोंबिवलीत तिने फ्रिजकडे बोट दाखवलं तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात दक्षिणेकडे तोंड करून बसली होती. मी दिशा धरली, तिने उजवा हात दाखवला होता.

फणसाच्या पाटांवर जेवलो. जमिनीवर बसलेली आई आता एकटीने उठू शकत नाही, म्हणून दाराशेजारी गवंड्याने चिऱ्याचा बुटका कट्टा करून दिलाय. तो १९५८ मध्ये नव्हता. आईने त्याच्यावर हात ठेवला, पण तो नवा आहे असं काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ती इकडे-तिकडे शोधायला लागली. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता पिशवी. तर म्हणाली, "राख खंय आसा?" चुलीतली राख वाटीत दिली, जुन्या धोतराचा तुकडा दिला. तिने ओटीवर बसून काच हातात घेतली आणि हात आत घालायला गेली. बोटांचे सांधे आता सुजलेले, मनगटाशीच अडलं. तिने परत एकदा प्रयत्न केला. मग माझ्या नातीला हाक मारली. नात सात वर्षांची. तिच्या बोटांना चिंधी गुंडाळून दिली आणि शेजारी बसून सांगत राहिली, तळाकडून वर, गोल, दाबू नको. आता रोज चारला दोघी बसतात. खरा कंदील एक आणि खोटे दोन, तरी काचा तिन्ही पुसून होतात.

या अकरा दिवसांत ती "घराक जावया" म्हणाली नाही असं नाही, दोनदा म्हणाली. पण दाराशी उभी राहिली नाही.

रेडिओ 'यू'चा निघाला. ओटीवर ठेवला नाही. रत्नागिरीच्या मेकॅनिकने ट्रान्सफॉर्मर घालून दिलाय, तो डोंबिवलीलाच राहील. चौदा स्विच आणि दोन खुर्च्या तशाच पडून आहेत. ज्यांचं घर खरंच शहरातलं आणि त्या सालातलं आहे अशा कुणाला हव्या असतील तर निरोप पाठवा, पैसे नकोत. घड्याळ मामेभावाने नेलं.

चिरेबंदी दादा, एक राहिलं. चुलीमागच्या भिंतीला, चुन्याचे तीन हात देऊनही, वीतभर जागेत पांढरे दाणे फुलल्यासारखे आलेत. पाणी मारून धुऊ का?

चिरेबंदी · ११ मे

धुऊ नका ताई! तो क्षार आहे, पाण्याने परत भिंतीत जिरेल आणि दुसरीकडून निघेल. पूर्ण कोरड्या कुंच्याने झाडून खाली पडलेलं सुपात गोळा करून बाहेर टाका. पुन्हा आला की पुन्हा झाडा, हळूहळू कमी होतो. या वर्षी तिथे रंगाचा हात देऊ नका. दिवाळीनंतर भिंत वाळली की मी विजयदुर्गला कामाला असेन, तेव्हा येऊन बघतो. आईंना नमस्कार सांगा.